वडिलोपार्जित चष्मा

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो. ज्या नाकावर मी बारा वर्षं बसलो, त्या नाकाच्या मालकाला माझा उपयोग काडीचा झाला नाही, त्रास मात्र भरपूर झाला. मी एक जुना चष्मा आहे. दोन गोल भिंगं, पितळी काड्या आणि आत मखमल लावलेलं एक घर, एवढाच माझा संसार.

ग्वाल्हेरात, महाराज बाड्याच्या चौकातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. माझी भिंगं भालचंद्रपंतांच्या साठीतल्या डोळ्यांसाठी घासलेली होती. पंत ग्वाल्हेर संस्थानच्या दफ्तरात मोडी कागदांचे कारभारी होते. मला चढवलं की पंतांना मुंगीचे गुडघे दिसतात, असं लोक म्हणत, आणि मी घरात पडल्या पडल्या फुगत असे.

सन चव्वेचाळीसमध्ये पंत वारले. संस्थानात तेव्हा बापाची जागा मुलाला मिळे. त्या रीतीनं पंतांची बैठक, पगडी आणि दौत थोरल्या लक्ष्मीकांतांकडे आली. सोबत मीही आलो. चष्म्यालाही वारस असतो, याबद्दल त्या घरात कुणाला शंका नव्हती. लक्ष्मीकांत तेव्हा तिशीचे होते आणि त्यांना चष्म्याची गरजच नव्हती. पण बैठकीवर बसायचं ते चष्म्यासकट, असा त्यांचा समज.

माझ्यातून वाचायचं तर त्यांना कागद नाकाशी धरावा लागे. संध्याकाळी डोकं ठणके, डोळे लाल होत. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई गुलाबपाण्याच्या घड्या ठेवत आणि म्हणत, "अहो, हा चष्मा मामंजींचा आहे, तुमचा थोडीच आहे!"

"अगं, बाबांनी याच्यातून सगळं दफ्तर वाचलं. त्यांना चालला, मग मला का नाही चालणार?"

मी सगळं ऐकत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

पुढे संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं राज्य आलं आणि ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी झाली. छप्पन साली मध्यभारतही जायला निघाला आणि नव्या राज्याची राजधानी भोपाळला ठरली. दफ्तर ट्रकांत भरून तिकडे जाणार होतं. भोपाळात मोडी वाचणार कोण? तेव्हा वरून हुकूम आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या इनामी घरांच्या जुन्या वह्या नागरीत उतरवून द्या, ऑक्टोबर संपायच्या आत. मोडी सरळ वाचणारे लक्ष्मीकांत एकटेच उरले होते. ते सकाळी दहाला बसत आणि दिवेलागणीपर्यंत मान वर करत नसत. पापणी लवली तर ओळ हरवेल, म्हणून पापणीही लववत नसत.

मी मनाशी ठरवलं, आता या नाकावर राहायचं नाही. भादव्याच्या घामाचा फायदा घेऊन मी दिवसातून दहादा घसरू लागलो. लक्ष्मीकांतांनी मला दोऱ्यानं कानाला बांधून टाकलं. हट्टात हा माणूस माझ्यापेक्षा वरचढ निघाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर कुसुमताई आल्या. बाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, सासऱ्यांना संस्थानातून मिळालेलं. त्या एकट्याच राहत.

"लक्ष्मीकांतराव, माझ्या घराचं लिहिलंत ना? एकदा बघू द्या, म्हणजे जीव थंड होईल."

लक्ष्मीकांतांनी नवी वही उघडली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. कुसुमताईंचं घर वहीत नव्हतं. जुन्या वहीत होतं, स्पष्ट. त्यांच्या वरची ओळ लक्ष्मीकांतांनी दोनदा लिहिली होती आणि त्यांची गाळली होती.

"म्हणजे भोपाळात माझं घरच नाही?" कुसुमताईंनी विचारलं. त्या ओरडल्या नाहीत, हे फार वाईट झालं.

"आजच लिहितो," लक्ष्मीकांत म्हणाले. ओळ लिहितानाही त्यांचे डोळे झरत होते. कुसुमताई विचारायला तरी आल्या होत्या. जे आले नाहीत, त्यांच्या किती ओळी गेल्या असतील? आणि हातात राहिले होते पंधरा दिवस.

ते उठले, दोरा सोडला आणि मला मुठीत धरून थेट मधुसूदन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मला उजेडात धरलं.

"हा नंबर कुणाचा?"

"वडिलांचा."

"मग वडिलांना पाठवा."

"ते वारले."

"त्यांच्यापाठोपाठ यालाही नदीत सोडायचं होतं! लक्ष्मीकांतराव, तुमचा नंबर याच्या निम्मासुद्धा नाही. डोळे गेलेले नाहीत, थकलेत. नवा चष्मा घ्या. दिवा तोंडासमोर नको, डाव्या खांद्यामागून येऊ द्या. पापण्या मिटा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पान उलटलं की खिडकीतून लांब बघा, वीस मोजेपर्यंत."

"लांब काय बघू?"

"ग्वाल्हेरात राहता आणि हे मला विचारता?"

तीन दिवसांत नवा चष्मा आला. मी टेबलावर कागद दाबायला बसलो. लक्ष्मीकांतांनी पहिल्या पानापासून जुनी आणि नवी वही पुन्हा ताडून बघायला सुरुवात केली. पान उलटलं की खिडकीतून डोंगरावरचा किल्ला, पान उलटलं की किल्ला.

हेडक्लार्क महिपतरावांनी हे पाहिलं. "क्यों पंतजी, ट्रक दारात उभे आहेत आणि तुम्ही सरकारी वेळेत किल्ला बघता?"

"बघतो. न बघता लिहिलं तेव्हा एका बाईचं घर गेलं होतं. ट्रकांना सांगा, थांबा म्हणावं."

थोड्या वेळानं महिपतरावही खिडकीशी येऊन उभे राहिले.

आणखी सात गाळलेल्या ओळी सापडल्या. सातही घरं वहीत परत आली आणि तीस तारखेला वही ट्रकात चढली. मागोमाग लक्ष्मीकांतांचीही बदली झाली. भोपाळहून दुर्गाबाईंना पत्र आलं, 'इथे किल्ला नाही, पण तळं मोठं आहे. पान उलटलं की तळं बघतो.'

मी मागे, ग्वाल्हेरच्या घरातल्या कपाटात राहिलो. माझी कुणाला आठवण नव्हती, आणि मित्रांनो, तेच बरं होतं.

परवा लक्ष्मीकांतांच्या पणतीनं, शामलानं, मला शोधून काढलं. "अरे यार, क्या चीज़ है!" म्हणत मला नाकावर चढवलं आणि तशीच संगणकापुढे बसली. सकाळपासून तिथेच होती. डोळे लाल, पापणी लवत नव्हती. मी ओळखले ते डोळे. आता दफ्तर काचेत मावतं आणि त्याला उलटायला पानंही नाहीत, म्हणून कुणी वर बघत नाही.

मित्रांनो, माझं ऐका. दुसऱ्याचा चष्मा लावू नका, मग तो कितीही थोर माणसाचा असो. डोळे दुखले तर डॉक्टरांना दाखवा. पापण्या मिटा. आणि पान नसलं तरी, उलटलं असं समजून वर बघा.

एवढं मनात म्हणून मी माझं जुनं काम केलं. घसरलो. शामलानं मला उचलायला मान वळवली आणि तिची नजर खिडकीबाहेर गेली. संस्थान गेलं, राजधानी गेली, दफ्तर गेलं. किल्ल्याची बदली मात्र अजून कुणाला करता आलेली नाही. ती बघत राहिली. मी मोजत होतो. वीस झाले, तरी तिनं नजर हलवली नाही.