पूर्ण न मिटणारी झडप

आमच्या ह्यांच्या हातच्या शेगड्यांवर अर्धं गाव उबेला बसतं, आणि त्याचा तोरा हे आंघोळीच्या वेळीही उतरवत नाहीत. लेक त्याच वर्कशॉपमध्ये लहानाची मोठी झाली. तिनं स्वतःची नवी शेगडी केली, तेव्हा ह्यांनी ती चहूबाजूंनी पाहिली आणि नाक मुरडलं.

"हवेची झडप पूर्ण मिटत नाही. ही खुंटी आडवी येते."

"येणारच, मीच वेल्ड केलीय. हवा बंद केली की लाकूड रात्रभर नुसतं धुमसतं. धुरातले बारीक कण तेव्हाच सगळ्यात जास्त निघतात."

"मग लाकडं सकाळपर्यंत पुरणार कशी? मला शिकवू नकोस!"

नव्या नियमानं, धुराची तपासणी पास झाल्याशिवाय शेगडी विकता येत नव्हती. "ही नापास झाली तर मी शेगड्या सोडून खिडक्यांची ग्रिलं करीन," लेक म्हणाली. स्वभाव माझ्यावर गेलाय. बोलली म्हणजे करणार.

तपासणी केंद्रात धुरांड्याला नळी जोडली आणि कण अडवायला तिच्यात पांढरा कागद बसवला. तपासनीस बाई म्हणाल्या, "घरी पेटवता तशीच पेटवायची. बनवणाऱ्यानं हात लावायचा नाही. घरचं कोण आलंय?"

हे बाह्या सरसावून पुढे झाले. झालं, म्हटलं, आता कल्याण!

शेगडी पेटली. ह्यांनी लाकडं भरली आणि सवयीनं झडपेची दांडी ढकलली. दांडी मध्येच अडली. पुन्हा ढकलली, अंगातला सगळा जोर लावून. खुंटी जागची हलली नाही. आत जाळ तसाच चांगला पेटलेला. लेक भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत होती.

"मी ढकलणार हे तुला ठाऊक होतं?"

"बाबा, तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवूनच तर ती एवढी पक्की केली."

कागद बाहेर काढला तेव्हा जेमतेम करडा झाला होता. शेगडी पास! माझा ऊर अभिमानानं भरून आला. मी सगळ्यांदेखत लेकीला मिठी मारली. हे मात्र वाकून ती खुंटी निरखत बसले.

दुसऱ्या दिवशी हे ड्रिल मशीन आणि पिशवीभर खुंट्या घेऊन निघाले. मीही मागोमाग. बेकरीवाल्याच्या घरी, स्वतःच्याच जुन्या शेगडीपुढे बसून झडपेजवळ भोक पाडायला लागले.

"अहो, इतकी वर्षं बरी चालली की! आता काय बिघडलं तिचं?" बेकरीवाला कुरकुरला.

"शेगडी माझी आहे," हे छाती पुढे काढून म्हणाले, "पण माझ्यापेक्षा माझ्या लेकीला जास्त कळतं. बाजूला हो, अजून पुष्कळ घरं राहिलीत."