मागची हिरवाई

बगळेकाकांकडे चिमण्यांचे अकरा हजार फोटो होते आणि बायकोचा धड एकही नव्हता.

कॅमेऱ्यामागे तासन्‌तास मान घालून उभे राहतात म्हणून गल्लीने त्यांचा बगळा केला होता. बायको जाऊन महिना झाला. लेकीने एकच गोष्ट मागितली, "बाबा, आईचा हसरा फोटो द्या. लग्नातला नको, ओळखपत्रावरचा तर नकोच. जशी होती तशी हवी." आईला फोटोचा भारी कंटाळा, समोर कॅमेरा आला की तोंड फिरवायची. "देतो, बाळा," काका म्हणाले, आणि चार दिवस कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले.

तशी ती जवळजवळ प्रत्येक फोटोत होती. परसात चिमण्यांसाठी फांदी रोवलेली. मागे शेजाऱ्यांची भिंत, पाइप, वाळत घातलेले टॉवेल. असलं बॅकग्राउंड काकांच्या डोळ्यांत सलायचं. चिमण्या बायकोला भीत नसत, दाणे तीच टाकायची. मग काकांनी अक्कल लढवली. तिला डोक्यावरून गडद हिरवी शाल पांघरून, मान खाली घालायला लावून फांदीमागे बसवायचं आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडायचं. चिमणीचं पीस न् पीस स्पष्ट, मागे सगळं विरघळून मऊ हिरवं. "कुठल्या रानात काढलात हो?" लोक विचारत. काका मिशीतल्या मिशीत हसत. आता अशा माणसाला काय म्हणावं! ती बिचारी दोन-दोन तास गुडघे चोळत बसायची.

चौथ्या दिवशी काकांना एक सकाळ आठवली. चिमणी पिल्लाला भरवत होती, पिल्लू तिच्या जरा मागे. दोघंही स्पष्ट हवीत म्हणून त्यांनी अ‍ॅपर्चर सोळापर्यंत बारीक केलं होतं. बारीक केलं की मागचंही दिसू लागतं! आणि पिल्लाने वासलेला आ बघून ती मान वर करून हसली होती. काकांनी भराभर फोल्डर उघडले. तारीख सापडली. फोटो ओळीने होते, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, आणि एकदम एक्कावन्न.

पन्नास नव्हता. मग त्यांना पुढचंही आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

ती लगबगीने उठून कॅमेऱ्यात डोकावायला आली होती. "अहो, मी आलेय की! बघू, कशी आलेय?"

"तू आलीस म्हणून तर वाया गेला," असं म्हणून त्यांनी तिच्यादेखत फोटो पुसायचं बटण दाबलं होतं.

ती भांडली नाही. "मग मी जरा मागे सरकते," एवढंच म्हणाली. एक्कावन्नमध्ये ती सरकलेली होती. हिरवा रंग आणखी मऊ, आणखी एकसारखा. त्याच फोटोला बक्षीस मिळालं होतं आणि काकांनी गल्लीभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली होती.

काकांना रडू आवरेना. लेक आत आली, मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"नाही का सापडला, बाबा?"

"एक होता. छान हसली होती. मी पुसला."

"चुकून ना?"

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही गं. मुद्दाम. ती बघत होती."

लेकीने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.