मागच्या सीटवरची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. दोन वीत लांब, वीतभर रुंद, झाकणाला पितळी कुलूप. माझ्यासारखीने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचीच मला शंका आहे. पण ती दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून सांगते.

वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळशाच्या खाणीत क्लेल स्टिल्टनर नावाचा वेल्डर होता. खाणकामगारांच्या कपड्यांच्या कपाटाचं एक मोडकं दार त्याने घरी आणलं आणि त्यातून मला घडवलं. माझे कोपरे त्याने इतके घासले, की लहान मुलानेही हात फिरवावा. क्लबातल्या फाटक्या बिलियर्ड टेबलाचं हिरवं कापड माझ्या आत चिकटवलं. त्यावर त्याचं छोटं पिस्तूल बरोबर बसायचं.

"पिस्तुलाचे एवढे लाड!" त्याची बायको व्हर्ना म्हणाली होती. "वीस वर्षांत मला कधी अशी गादी शिवलीस का रे?"

"तू कुठे कुलपात राहणारी आहेस?" क्लेल म्हणाला.

दर शरदात ते दोघं शिकारीला दूरच्या राज्यात जात. निघण्याआधी क्लेल पिस्तूल रिकामं करी, ते आणि गोळ्या माझ्यात ठेवी, कुलूप लावी आणि मला डिकीत सरकवी. डिकीतून मला रस्ता दिसत नसे, पण मी तिथे आहे म्हणून पुढे ती दोघं निवांत गाणी म्हणत, ते ऐकू येई. "राज्य बदललं की कायदा बदलतो," तो सांगायचा. "आपण काय वकील आहोत? म्हणून पेटी, कुलूप, डिकी. मग कुणी काही विचारो." आणि आणखी एक सांगायचा, "पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर आणि पहिलं वाक्य, साहेब, गाडीत पिस्तूल आहे. लपवायचं नाही."

समोरच्या घरातल्या डेन्झिलने मला पाहून स्वतःसाठीही एक पेटी करून घेतली. ती माझ्याइतकी जमली नाही, असं सगळे म्हणत. ते ऐकून मला फार बरं वाटे. आता त्या बढाईची लाज वाटते.

खाणीची धूळ छातीत साठून क्लेल गेला. जाताना व्हर्नाला म्हणाला, "डोंगरातून एकटी निघशील तेव्हा पिस्तूल बरोबर ठेव." व्हर्ना शाळेची बस चालवायची. उजाडायच्या आत एकटीने घरून निघायचं असे. तिने रीतसर परवाना काढला आणि पिस्तूल तिच्या पर्समध्ये राहायला गेलं. बसमध्ये चढण्याआधी ती ते आपल्या गाडीत कुलपात ठेवी. तिच्या राज्यात त्यात काही गैर नव्हतं. मी मात्र मोरीच्या कपाटात, साबणाच्या डब्यामागे गेले. दोन वर्षांत माझ्या तळाला गंज चढला.

मग एकदा साफसफाईत मी तिच्या हाती लागले. तिने गंज घासला आणि तिच्या आईने हाताने लिहिलेल्या पाककृतींचे कागद आणि जुने फोटो माझ्यात ठेवले. मित्रांनो, मी खूश झाले. पुन्हा कामाला आले, एवढंच मला कळलं. माझं खरं काम कोणतं होतं, ते मी विसरले.

ऑक्टोबरात व्हर्नाची धाकटी बहीण लोरीन हिचा डेलावेअरहून फोन आला. तिचा आजार आता बरा होणारा नव्हता.

"व्हर्ने, आईचं अक्षर एकदा बघायचंय गं," ती म्हणाली. "फोटो काढून पाठवू नकोस हं. मला त्या कागदांचा वास हवाय. सफरचंदाच्या मुरंब्याचे डाग पडलेत ना, तो वास."

"शनिवारी येते. तोवर कुठे जाऊ नकोस."

"मी कुठे जातेय? डॉक्टरांना विचारून सांगते," लोरीन म्हणाली, आणि दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर व्हर्ना बराच वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून बसली.

शनिवारी सकाळी तिने पेपरोनी, म्हणजे मसालेदार सुक्या मांसाच्या चकत्या, भरलेले पाव कागदात बांधले. डेन्झिल गाडीची हवा बघायला आला होता. व्हर्नाने पिस्तूल पर्समधून काढलं आणि माझं झाकण उघडलं. कागद काठोकाठ भरलेले होते.

"डेन्झिल, क्लेल नेहमी पेटीत न्यायचा."

"क्लेल चर्चमध्ये जातानाही कमरेला दोन पट्टे बांधायचा, एक तुटला तर म्हणून," डेन्झिल म्हणाला. "तुझ्याकडे परवाना आहे ना? मी काल मुद्दाम बघितलंय, आपला परवाना डेलावेअरमध्ये चालतो. इथे चालतो, तिथे चालतो. आणखी काय पाहिजे?"

"गाडीचा परवाना कसा सगळीकडे चालतो, तसंच ना?"

"तसंच गं. उगाच आईचे कागद चुरगाळू नकोस."

व्हर्ना क्षणभर थांबली. तिची बोटं कागदांच्या कडेवर होती. तेवढ्या वेळात कागद दुसऱ्या डब्यात गेले असते. मला तोंड असतं तर! तिने झाकण लावलं, भरलेलं पिस्तूल गाडीतल्या समोरच्या कप्प्यात ठेवलं, आणि कप्प्याला किल्ली लावली. कुलूप लावलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं. मला तिने मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं, पाहुणीसारखं.

दोन्ही टोकांची चौकशी झाली होती. मधल्या मेरीलँडची कुणीच केली नव्हती.

खाडीवरचा लांब पूल ओलांडला, तेव्हा लोरीनचं घर दीड तासावर राहिलं होतं. व्हर्नाने फोन करून सांगितलं, "चहा टाकायला सांग." त्यानंतर थोड्याच वेळात मागे निळे दिवे लागले. गाडीचा मागचा एक दिवा बंद पडला होता. बाकी काही नाही, एक दिवा.

पोलीस तरुण होता, नम्र होता. व्हर्नाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"साहेब, आधीच सांगते, गाडीत पिस्तूल आहे. समोरच्या कप्प्यात, कुलपात. हा माझा परवाना."

त्याने परवाना उलटसुलट करून पाहिला. "भरलेलं आहे का, बाई?"

"हो. एकटी आहे ना मी."

"हा परवाना मेरीलँडमध्ये चालत नाही."

"पण मला इथे थांबायचंच नाहीये! मी नुसती जातेय. डेलावेअरमध्ये चालतो, विचारा हवं तर."

"नुसतं जायचं असेल तर ते रिकामं हवं, गोळ्यांसकट कुलपात, आणि हाताला लागणार नाही अशा जागी. म्हणजे डिकीत. हा कप्पा त्यात धरत नाहीत." मग त्याने मागे पाहिलं. "त्या पेटीत काय आहे?"

"पाककृती," व्हर्ना म्हणाली.

त्याने मला उघडायला लावलं. कागद उलटले. खालचं हिरवं कापड दिसलं, आणि त्यावर पिस्तुलाच्या आकाराचा जुना खळगा. पोलिसाने त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"बाई," तो हळू म्हणाला, "तुमच्याकडे पेटी होती."

"माझी बहीण मरायला टेकलीय, साहेब. दीड तासावर आहे ती. मला जाऊ द्या, परत येताना अटक करा. मी पळून जाणारी बाई दिसते का?"

"नाही दिसत," तो म्हणाला. आणि त्याने बेड्या काढल्या.

पोलीस ठाण्यात मला क्रमांकाची चिठ्ठी लावून एका फळीवर ठेवलं. आई, मुरंबा, दोन लहान मुलींचे फोटो, सगळं माझ्यात बंद होतं. व्हर्ना सोमवारी जामिनावर सुटली. लोरीन रविवारी गेली. तिने दोनदा विचारलं म्हणे, "पुलापर्यंत आली होती ना?"

कोर्टाने व्हर्नाला तुरुंगात धाडलं नाही. पण गुन्हा तिच्या नावावर लागला. बावीस वर्षं एकाही मुलाला खरचटू न देता चालवलेल्या बसची किल्ली शाळेने परत घेतली. पिस्तूल मिळालं नाही. मी मिळाले, पाच महिन्यांनी, कागदाच्या पिशवीत. डेन्झिल आला होता, दारातच उभा राहिला.

"व्हर्ना, मी मधलं राज्य बघायलाच हवं होतं."

"मीही," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

मित्रांनो, परवान्याच्या कार्डावर देशाचा नकाशा नसतो. वाट जितक्या राज्यांतून जाते, तितक्यांचे कायदे वेगळे विचारावे लागतात. घरचा आणि पोचायच्या गावाचा विचारून भागत नाही. विचारायला कमीपणा मानू नका. आणि कुणी एखादी वस्तू ज्या कामासाठी जीव लावून घडवली असेल, ते काम तिच्याकडून काढून घेऊ नका. माझा उपयोग एकदाच खरा लागणार होता, आणि तेव्हा मी दुसऱ्याच गोष्टींनी भरलेली होते.

आईचे कागद व्हर्नाने लोरीनच्या थडग्याशी नेले. त्या दिवशी निघताना तिने कागद दुसऱ्या डब्यात घालून मला रिकामं केलं, कुलूप लावलं, डिकीत ठेवलं, किल्ली खिशात टाकली. पूल ओलांडताना आणि पुढे तिने गाडी इतकी हळू चालवली, की मागचे लोक भोंगे वाजवत होते. पुढून गाणं ऐकू आलं नाही. कुणी थांबवलं नाही. अजूनही ती कुठे निघाली की तेच करते. माझ्यात काही नसतं, तरी दोनदा कुलूप ओढून बघते.