मागच्या डाव्या सीटखालून

मी कॉइलओव्हर बोलतोय. गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरचा. नाव जड असलं तरी प्रकार साधा आहे. मधे तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर, त्याच्याभोवती जाड स्प्रिंग, गाडीची उंची कमीजास्त करायला खाली एक कडी आणि वर, डिकीतल्या झाकणाखाली, मऊ-कडक करायचं बटण. बटण फिरवलं की टिक टिक वाजतं. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. मी फार जळका आहे.

आम्ही चौघं भाऊ एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो आणि एकाच खोक्यात निघालो. खोक्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. त्या चित्रानं आमची डोकी फिरवली. आपण शर्यतीसाठीच जन्मलोय, असं आम्ही धरून चाललो.

आम्हाला घरी नेलं एका चष्मेवाल्यानं. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारणारा हा शांत माणूस गाडीच्या बाबतीत मात्र हौशी निघाला. त्यानं आम्हाला बसवलं आणि गाडी इतकी खाली घेतली की चाक आणि पत्रा यांच्यात बोटही जाईना. रोज दुकानातून आला की उकिडवा बसून तो आमच्याकडे बघत राहायचा. शेजारी कुणी नवी गाडी आणली आणि मालकानं तिच्याकडे नुसती मान वळवली, तरी माझ्या पोटात दुखायचं.

मग त्याच्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं ठरलं. गुरुवारी मुलगा नेणार, सोमवारी जावई.

जावयाकडे सात माणसांची उंच, गुबगुबीत गाडी होती. तिच्यात आमच्यासारखं काही नाही. ना कडी, ना बटण, ना टिक टिक. कारखान्यानं जे दिलं ते पोटाला बांधून आयुष्य काढणारी गाडी! सोमवारी ती दारात आली की मी आमच्या जागेवरून कान देऊन ऐकायचो. “आहाहा, पाळणा आहे पाळणा!” वडील म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात जावई खरोखरच भला माणूस, दार धरून उभा राहणारा. तो जरा तिरसट असता तर मला इतका खुपला नसता.

आमच्या गाडीत वडील मागे, डावीकडे बसायचे. नेमके माझ्यावर. “पुढे बसलं की खड्डा येताना दिसतो, आणि दिसला की आधीच कळ येते,” ते म्हणायचे. बसले की पेपरातलं कोडं सोडवायला घ्यायचे. मी माझ्या परीनं त्यांना नीट नेत होतो. शर्यतीच्या परीनं म्हणा हवं तर.

“बाबा, त्रास होतोय का?” मालक आरशातून विचारायचा.

“छे रे. मस्त चाललीय.”

मला ते खरं वाटायचं. मालकालाही.

एका बुधवारी ताई, म्हणजे मालकाची थोरली बहीण, तावातावानं आली. मालक डिकी साफ करत होता. तिनं दोन पेपर डिकीत अंथरले, अगदी माझ्या डोक्यावर.

“हातच्या कंकणाला आरसा कशाला? हे सोमवारचं कोडं. आमच्या गाडीतलं. आणि हे गुरुवारचं. तुझ्या.”

सोमवारची अक्षरं चौकोनात शहाण्यासारखी बसली होती. गुरुवारची पहिली वेलांटी शेजारच्या घरात घुसली होती, काने रेघा ओलांडून पळाले होते आणि एका ठिकाणी पेन्सिलनं कागदच फाटला होता.

“ते तुला कधीच सांगणार नाहीत,” ताई म्हणाली. “घरी आले की तासभर आडवे पडून असतात. यापुढे दोन्ही दिवस आम्हीच नेतो.”

मालकाचा चेहरा उतरला. “उद्याचा दिवस दे. उद्याही असंच झालं तर तू ने.”

माझी तर पाचावर धारण बसली. वडील कायमचे त्या गुबगुबीच्या ताब्यात? मग आम्ही कशाला जन्माला आलो?

ताई गेल्याबरोबर मालकानं माझं बटण पार मऊच्या टोकाला फिरवलं. फक्त माझं! वडील माझ्यावर बसतात म्हणून. बाकीचे तिघं भाऊ बघत राहिले आणि मी मनातून फुलून गेलो. पण वळणावर गाडी माझ्या बाजूला कलंडायला लागली. मग त्यानं चौघांनाही तसंच मऊ केलं, तर गाडी एका उंचवट्यावर तीनदा नाचायला लागली. आगीतून फुफाट्यात.

शेवटी त्यानं मिस्त्रींचं गॅरेज गाठलं. त्यांनी गाडीचा कोपरा एकदा दाबला आणि विचारलं, “आधी काय केलं होतंस?”

मालकानं सांगितलं. मिस्त्री हसले. “बापासाठी एकाच चाकाचे लाड? एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून चालतोस का कधी? आणि नुसतं मऊ करून काय होणार? गाडी इतकी खाली घेतलीस की स्प्रिंगला दबायला जागाच नाही. खड्डा आला की ती तळाच्या रबरावर आपटते. तोच दणका तुझ्या वडिलांच्या कमरेत जातो.”

“मग?”

“वर घ्यायला लागेल. दोन बोटं.”

त्या खाली घेतलेल्या उंचीवर मालकाचा किती जीव होता, ते मला ठाऊक. माझाही होता. उंच गाडी म्हणजे जावयाची गाडी, असं माझं साधं गणित. मालकानं एकदा चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, “घ्या वर.”

मिस्त्रींनी अर्धचंद्रासारखा पाना माझ्या कडीला लावला. चौघांनाही मापून दोन बोटं वर घेतलं. मग प्रत्येकाचं बटण आधी पूर्ण आवळलं आणि तिथून मोजत मागे आणलं. बारा टिक. टायरमधली जास्तीची हवा सोडली, चाकांची दिशा नव्यानं जुळवली. “आता ही शर्यत जिंकायची नाही,” ते म्हणाले, “पण माणूस पोचेल.”

गुरुवारी वडील बसले. पहिला खड्डा आला. मी दबलो, थांबलो, सावकाश वर आलो. माझ्यात एवढी सबुरी आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. घरी पोचल्यावर मालकानं पेपर उघडला. सगळी अक्षरं आपापल्या घरात होती. त्यानं तो पेपर ताईला नेऊन दाखवला.

रविवारी वडीलच ताईला म्हणाले, “उद्याही हाच नेईल मला. जावईबापूंना जरा विश्रांती दे.” मला काय झालं म्हणून सांगू! त्या सोमवारी जावयाची गाडी आमच्या दारात आली नाही. दिवसभर मी तिचाच विचार करून खूश होत होतो.

पण माझं सुख तीनच आठवडे टिकलं. काल मालकानं नेहमीसारखं मागचं दार उघडून धरलं. वडील माझ्यावरून हात टेकत पुढे गेले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं.

“बाबा, पुढे? खड्डे दिसतील.”

“दिसू दे. आता भीती नाही वाटत. मागून तुझं नुसतं डोकं दिसतं रे. बोलायचं कसं?”

मालकानं सीट मागे सरकवून दिली. गाडी निघाली. पुढे दोघं बोलत होते, मधेच हसत होते. चाकांच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. कळले ते पुढच्या डाव्या भावाला. ज्या गाडीवर मी जळलो, तिनं वडिलांना निदान मागेच बसवलं असतं. माझ्या सख्ख्या भावानं त्यांना पळवलं, आणि तेही माझ्याच बारा टिकांच्या जोरावर. त्यांना पुढे बसायची हिंमत दिली ती मीच ना?

रात्रभर विचार केला. मुलगा आणि बाप शेजारी बसले, हे चांगलंच झालं. कळतं मला ते. पण वळत नाही.

म्हणून तुम्हालाच विनवतो. कधी या गाडीतून जायचा योग आला, तर पुढच्या सीटसाठी धावू नका. मागे बसा, डावीकडे. एखादा खड्डा आला आणि तुम्हाला कळलाच नाही, तर ‘छान’ म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा. पुढच्याला ऐकू जाऊ दे.