हळदकुंकवाने जाम झालेला शॉकअप

नमस्कार राहू द्या, आधी हात पुसा. मी पूर्णिमाच्या डोंगरी सायकलीचा सस्पेन्शन फोर्क बोलतोय. वडगावच्या आमच्या गल्लीत मला शॉकअप म्हणतात. पुढचं चाक माझ्या दोन पायांत असतं. दगड आला की मी खाली बसतो, गेला की उठतो. जन्मभर उठाबशा, आणि चूक दुसऱ्याची!

कारखान्यात झालो, खोक्यातून आलो, टिळकवाडीतल्या दुकानात पूर्णिमाच्या हाती लागलो. ती शाळेत गणित शिकवते आणि रविवारी बेळगुंदीच्या डोंगरावरून सायकल अशी सोडते की पोरांनी पाहिलं तर पाढे विसरतील. दसऱ्याला तिथं उताराची शर्यत असते. ती तिला जिंकायचीच होती.

माझा छळ झाला तो घरात. तिचे वडील परशराम आप्पा यंत्रमागावर हयात घालवलेला माणूस. जे हलतं त्याला तेल घालायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. सकाळी मागाला तेल, बिजागरीला तेल, मग माझ्या चकचकीत पायांना तेल. त्यावर मागावरच्या सुताची तूस चिकटायची. गेल्या खंडेनवमीला तर त्यावर हळदकुंकूही थापलं. दिसत होतो नवरदेवासारखा, पण जीव गुदमरला होता.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत मी एका खड्ड्यात खाली बसलो तो उठलोच नाही. पूर्णिमा हँडलवरून उडाली. कोपर फुटलं, शर्यत गेली.

"हे उड्या मारणारं भंगारात घाल गं," आप्पा कडाडले. "साधा दांडा बसवू."

माझी पाचावर धारण बसली. पण कोपराची पट्टी सुटताच पूर्णिमानं मला अंगणात उलटं करून खोललं. माझ्या पायांभोवती रबरी सील असतं, त्याखाली तेल धरणारी स्पंजाची कडी. तिथून लालपिवळा चिखल निघाला.

"आप्पा, ह्याचं तेल आत असतंय. भायेर नुस्तं पुसायचं."

आप्पांनी चिखल बोटावर घेतला. कुंकू ओळखलं. "म्हंजी तुला म्याच पाडलं व्हय?"

"न्हाय वो आप्पा. ते नवं सील द्या इकडं."

त्यानंतर आप्पा मला रोज साडीच्या मऊ तुकड्यानं पुसू लागले. तेलाची बुधली माझ्यापाशी जरा रेंगाळते आणि बिजागरीकडे जाते. मला त्यांची दया येते.

काल पुन्हा खंडेनवमी झाली. आप्पा ताट घेऊन आले. कुंकवाचं बोट माझ्या पायाजवळ थांबलं. मग त्यांनी पूर्णिमाचा हात ओढला आणि कोपराच्या वणावर हळदकुंकू लावलं.

"आप्पा, कोपराला?"

"हितं कचरा आत जात न्हाय," आप्पा म्हणाले आणि डोळे पुसायला माझंच फडकं घेतलं.

आज मी डोंगराच्या माथ्यावर उभा आहे. जिंकलो तर हार हँडलला घाला, पेढे पूर्णिमाला द्या, माझ्या पायांना मात्र हात लावू नका. आता सरका बाजूला, आप्पा खाली फडकं घेऊन उभे आहेत.