तणसीच्या ढिगावरून गेलेली रेघ

कोंढ्याच्या बाजूच्या एका गावात कुंताबाई मागच्या निवडणुकीत प्रभाग तीनमधून रुखमाला हरवून निवडून आली होती, तीही एका मतानं. त्यामुळे नव्या प्रभागरचनेचा नकाशा पंचायतीत लागला तेव्हा तिनं आधी आपलं घर शोधलं, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

रेघ तिच्या घरातून गेली होती! हातपंपापासून थेट मागच्या तणसीच्या ढिगापर्यंत. समिती पाहणीला आली तेव्हा धानाची मळणी नुकतीच झालेली. पेंढ्याचा घराएवढा ढीग बघून त्यांनी तो कायमची खूण धरला. घर कापलं गेल्याचं ध्यानात आल्यावर समितीनं बैठक घेतली, चहा घेतला आणि ठरवलं: जो जिथं झोपतो, तो तिथला मतदार. कुंताबाई आतल्या खोलीत, म्हणजे प्रभाग तीन. तिचा नवरा गोमाजी ओसरीत घोरतो, म्हणजे प्रभाग दोन.

घरचं हक्काचं मत गेलं तर खुर्ची टिकायची कशी? कुंताबाईनं हरकत ठोकली.

सुनावणीचे साहेब खूण बघायला स्वतः मागच्या अंगणात आले.

"ढीग कुठे आहे?"

"बैलायनं खाल्ला, साहेब," कुंताबाई म्हणाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग तलाठ्यालाच ढिगाच्या जागी उभं केलं. सरपंच म्हणे डावीकडे, शेजारी म्हणे उजवीकडे. बिचारा तलाठी सरकत सरकत गोठ्यापाशी पोचला आणि बैल त्याची बाही चाटू लागला.

"पुरे!" साहेब वैतागले. "बैल खातात ती खूण कसली? अख्खं घर तीनमध्ये घ्या."

कुंताबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात गोमाजी खाकरला.

"साहेब, मले दोनातच राहू द्या."

"काहून?" कुंताबाईनं डोळे वटारले.

"तीनात मत देतानी तुहं लय भेव लागते. मागच्या बारी रुखमा गोठ्यासमोर लाईट लावून देतो म्हणे, त तिलेच देल्लं."

कुंताबाई रागानं लाल झाली. पण राजकारणी बाई ती. रागातही तिच्या डोक्यात हिशेब झाला. हा गेला तर मत रुखमाचं कमी होणार!

"साहेब, हरकत मांगं घेतो मी," ती पदर खोचत म्हणाली. "रेघ तशीच राहू द्या. फक्त येवढं लिवून घ्या, आजपासून आमच्या ह्यायचा भातबी दोन नंबरातच शिजंल."