बस डेपोतलं नेचं

वनस्पती-संग्रहालयात तिला सगळे नोंदताई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. तिचं काम सांगायला सोपं होतं. दीडशे वर्षांत लोकांनी रानोमाळ हिंडून गोळा केलेले, वाळवून जाड कागदावर चिकटवलेले झाडाझुडपांचे तीन लाख नमुने तिथे लोखंडी कपाटांत होते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक लेबल: कोणी तोडलं, कधी, कुठे. ते वाचून संगणकात नोंद करायची. तिथून ती नोंद एका मोठ्या सामाईक डेटाबेसमध्ये जाई. देशोदेशींची संग्रहालयं त्यात आपापल्या नोंदी ओतत आणि जगातला कोणीही अभ्यासक त्या उतरवून घेई.

लेबलं वाचायला भिंगकाका होते. जुन्या लोकांची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, पण काका भिंग लावून ती घडाघडा वाचत आणि ताई टाइप करी. नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ते डबा घेऊन यायचेच. सुनेला म्हणायचे, "घरी बसलो तर तुझ्याच डोक्याशी कटकट करीन, त्यापेक्षा जातो."

एका मंगळवारी, काका यायच्या आधी, एक तरुण संशोधिका संग्रहालयात आली. बुटांना वाळलेला चिखल, खांद्यावर भलीमोठी पिशवी. ओल्या कातळाच्या फटीत उगवणाऱ्या एका दुर्मीळ नेच्याचा, म्हणजे फर्नचा, ती अभ्यास करत होती. ते नेचं कुठे कुठे सापडलं होतं याच्या नोंदी तिने डेटाबेसमधून घेतल्या, नकाशावर मांडल्या आणि दोन सोबती घेऊन निघाली.

"दोन दिवस प्रवास करून पोचलो," ती साहेबांना म्हणाली. "बरोबर त्या अक्षांश-रेखांशावर उभे राहिलो. बस डेपो होता. आणि बस धुवायचा हौद."

साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. ते हसले. ती हसली नाही.

"मग मी तुमच्या बाकीच्या नोंदी तपासल्या. अकराशे चाळीस नमुन्यांची जागा अशीच आहे, त्या त्या जिल्ह्याचा बरोबर मध्य. कुणीतरी नकाशाच्या मधोमध बोट ठेवलंय. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण या आकड्यांवर उभं आहे. म्हणजे होतं."

ताई शेजारच्या टेबलाशी बसली होती. तिचे कान तापले. ते बोट कोणाचं, हे तिला पाठ होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी प्रणाली आली होती. ज्या लेबलांवर नुसता जिल्हा लिहिलाय, गाव नाही, टेकडी नाही, त्यांची जागा कोरी ठेवायची आणि 'अनिश्चित' असा शेरा मारायचा, असा नियम होता. पण कोरी जागा आठवड्याच्या अहवालात लाल दिसे. साहेब विचारत, "अजून एवढं लाल कसं?" ताईच्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं. लाल संपवून रजेवर जायचं म्हणून तीन संध्याकाळी ती एकटी मागे थांबली आणि जिल्ह्याच्या मधल्या बिंदूचे आकडे भरत गेली. अहवाल हिरवागार झाला. साहेबांनी शाबासकी दिली. तिने ती घेतली आणि लग्नाला गेली. सासू आजारी होती, मूल तापाने फणफणलं होतं, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं काही नव्हतं. तिला नवी साडी नेसून वेळेवर पोचायचं होतं, इतकंच.

"या नोंदींवर नाव काकांचं दिसतंय," साहेब पडद्याकडे बघत म्हणाले.

दिसणारच. त्या वर्षी विभागाला एकच लॉगिन मिळालं होतं, काकांच्या नावाचं. टाइप करायची ताई.

साहेबांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. काका अजून घरीच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल हो. मला आठवत नाही, पण असेल. डोळे तेव्हाच दगा द्यायला लागले होते. त्या मुलीला म्हणावं, म्हाताऱ्याला माफ कर."

बोलायची वेळ होती ती हीच. ताईने तोंड उघडलंही. पण साहेब फोन ठेवून म्हणाले, "बिचारे," आणि संशोधिकाही जरा निवळली, "जाऊ दे, वयच झालंय त्यांचं," असं म्हणाली, आणि ताईने तोंड मिटलं.

त्या दिवशी काका आले नाहीत. शुक्रवारीही आले नाहीत. त्यांची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली राहिली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. "काका निवृत्त माणूस," तो म्हणाला. "त्यांचं कोण काय वाकडं करणार? तुझी नोकरी चालू आहे. गप्प बस." तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर आपल्याला हेच ऐकायचं होतं याची तिला जास्त लाज वाटली. मुलगी शेजारीच गणितं सोडवत होती. तिने एकदाच मान वर करून आईकडे बघितलं आणि पुन्हा वहीत घातली.

तीन आठवडे असेच गेले. मग काकांची चिठ्ठी आली, साहेबांच्या नावाने. काकांनी लिहिलं होतं की अकराशे चाळीस ठिकाणी आपण चुकलो असू, तर बाकीचं वाचनही बरोबर असेल याची खात्री ते स्वतः देऊ शकत नाहीत. लोक या नोंदींवर विसंबून रानात जातात. तेव्हा त्यांच्या नावावरच्या सगळ्या एकोणीस हजार नोंदी संशयास्पद ठरवाव्यात.

"माणूस सरळ आहे," साहेब चिठ्ठीची घडी घालत म्हणाले. "ताई, आजपासूनच शेरा लावायला घ्या."

'संशयास्पद' असा शेरा लागला की शहाणा अभ्यासक ती नोंद वगळूनच पुढे जातो. काकांचं पंधरा वर्षांचं वाचन असं एकेका क्लिकने बाद व्हायचं होतं, आणि क्लिक करायचं होतं ताईने. तुम्हाला वाटेल, तिने तिथेच नाही म्हटलं. तसं झालं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने दोनशे नोंदींवर शेरा लावला. यातलं एकेक लेबल तिला ओळखू येत होतं. एका नावाशी काका दोन दिवस झगडले होते, शेवटी गोळा करणाऱ्याची जुनी पत्रं काढून त्यांनी अक्षर ताडून पाहिलं होतं. त्या नोंदीवरही तिने शेरा लावला. मग तिचा हात थांबला. डबा न उघडता ती उठली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काकांच्या घरी गेली.

तिसऱ्या मजल्यावर सुनेने दार उघडलं. काका गॅलरीत बसले होते, मांडीवर जुन्या टिपणवह्या.

"एवढ्या उन्हाची आलीस? पाणी घे."

"काका, ते आकडे तुम्ही भरले नव्हते. मी भरले."

"कोणते?"

"बस डेपोचे. अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस. लेबलावर नुसता जिल्हा होता. तुम्हीही नुसता जिल्हाच सांगितला होतात. तुम्ही घरी गेल्यावर मी पुढचं मनाने भरलं."

काकांनी वही मिटली. "म्हणजे मी वाचलं ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

"तीन आठवडे मी औषधाच्या बाटलीवरचं नाव सुनेकडून पुन्हा वाचून घेतोय. मीच तिला सांगितलं तसं, की माझा भरवसा धरू नकोस." ते थांबले. "मी फोनवर 'असेल' म्हणालो, तेव्हा तू खोलीत होतीस?"

याच प्रश्नाची तिला जिना चढताना भीती वाटत होती.

"होते."

सून दारातून आत निघून गेली. ताईचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागेल, आणि आज माझ्यात तेवढं नाही. आता घरी जा. आणि उद्या जे करायचं ते कर."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. आपण लाल-लाल म्हणून मागे लागायचो, हे त्यांनाही आठवलं असावं. शेवटी म्हणाले, "काकांचे शेरे काढून टाका. त्या अकराशे चाळीस जागा कोऱ्या करा. कारण म्हणून 'तांत्रिक त्रुटी' लिहा. संग्रहालयाच्या नावाचा प्रश्न आहे."

तिने 'तांत्रिक त्रुटी' लिहिलं. वाचायला बरं वाटत होतं, कुणाचाच हात नसल्यासारखं. मग तिने ते पुसलं आणि लिहिलं, 'लेबलावर ठिकाण नसताना नोंदणी करणाऱ्या व्यक्तीने जिल्ह्याचा मध्यबिंदू अंदाजाने भरला होता. लेबलाचं वाचन अचूक आहे.' खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि परत दिलं. तिची वेतनवाढ त्या वर्षी थांबली. त्याबद्दल तिने घरी तक्रार केली नाही आणि नवऱ्यानेही विषय काढला नाही.

संशोधिकेला तिने वेगळं पत्र लिहिलं. उलट उत्तर दोन ओळींचं आलं. 'कळवल्याबद्दल आभार. काकांनी वाचलेल्या नोंदींतल्या कोणत्या नेच्याच्या आहेत, त्यांची यादी पाठवा.' माफ केलं, असं त्यात कुठे नव्हतं.

आपल्याकडची नोंद दुरुस्त केली म्हणून काम संपलं नव्हतं. सहा वर्षांत त्या नोंदी कुठे कुठे उतरवून घेतल्या गेल्या होत्या. कुणी आपल्या नकाशात घातल्या होत्या, कुणी जपून ठेवायच्या कायमच्या प्रतीत. काही ठिकाणी ते चुकीचे आकडे आता कुणालाच पुसता येणार नव्हते. जपायचं म्हणून जपलेले होते. ताई पत्ते शोधून एकेकाला पत्र लिहू लागली. प्रत्येक पत्रात तेच वाक्य, प्रत्येक पत्राखाली तिचं नाव. आधी हात अडखळायचा. पुढे अडखळेनासा झाला, पण कान मात्र दर वेळी तापत.

काका दोन महिन्यांनी आले. स्वतःच्या नावाचं लॉगिन त्यांनी आधी बंद करून घेतलं. मग गोळा करणाऱ्यांच्या प्रवासाच्या रोजनिशा कपाटातून काढल्या आणि कोऱ्या पडलेल्या जागा शोधायला बसले. अमुक तारखेला हा माणूस कुठल्या वाटेने गेला, कुठे मुक्काम केला, त्यावरून ठिकाण ठरवायचं. वर्षभरात तीनशे बारा जागा लागल्या. बाकीच्या अहवालात लालच राहिल्या.

काका वाचत, ताई टाइप करी. पूर्वी मधेच ते तिच्या मुलीची चौकशी करत, सुनेच्या गमती सांगत. आता तसलं बोलणं होत नसे. एवढंच, की प्रत्येक नोंद झाल्यावर ते म्हणत, "वाच." आणि ताई आपण काय भरलं ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवी, ठिकाणापासून तारखेपर्यंत. ते मान हलवत, मग पुढचा कागद घेत.